हाताचं ते हाताचं

पैज लागली ती सलूनवाल्या वस्तादच्या तोंडातल्या आवाजावरून. सकाळचं पाणी अजून यायचं होतं आणि आम्ही नेहमीची टाळकी इमारतीच्या पायऱ्यांवर बसलो होतो. पंपाच्या किल्ल्या सांभाळणारे काका, मी, आणि पहिल्या मजल्यावरच्या दातवाल्या ताई. ताई दाताच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करतात. एवढ्यात तळमजल्याच्या सलूनच्या मागच्या खिडकीतून भुंगा डबीत अडकावा तसा आवाज यायला लागला. काका म्हणाले, "वस्तादनं इतक्या लवकर गिऱ्हाईक घेतलं वाटतं." मी पायरीवरून वाकून खिडकीत डोकं घातलं. गिऱ्हाईक कुठलं आलंय. वस्ताद स्वतःच बेसिनपाशी उभा, तोंडात एक जाडजूड पांढरं यंत्र, गाल फुगलेला, आणि ते यंत्र आतल्या आत गुणगुणतंय. अशी संधी देव सारखी देत नाही. मी खिडकीतूनच ओरडलो, "वस्ताद, हाताला लकवा मारलाय काय रे, दात घासायला नोकर ठेवलास तो?" पायऱ्यांवर हशा पिकला. काकांना तर ठसकाच लागला. मला एवढंच लागतं, चार माणसांना ठसका लागला की माझा दिवस वर येतो.

वस्ताद फेस पुसत बाहेर आला. हसत होता. म्हणाला, "मशीननं स्वच्छ निघतात. तुला काय कळणार, तुझं अजून चुना फासल्यासारखं चाललंय." मी म्हणालो, "हाताचं ते हाताचं, वस्ताद. मशीन काय, बटण दाबलं की माकडसुद्धा घासेल." मग शब्दानं शब्द वाढला. काकांनी तेल ओतलं, ताईंनी काडी लावली. दवाखान्यात एक गोळी मिळते म्हणे, ती चघळली की दातांवर जिथं जिथं घाण राहिली असेल तिथं तिथं लाल रंग चढतो, लपवाछपवी चालत नाही. "पंधरवड्यानंतरच्या रविवारी दोघांनी चघळा, मी निकाल देते," असं त्या म्हणाल्या. मी लगेच उठून उभा राहिलो. अशा वेळी मला बसून बोलता येत नाही. "मी हरलो तर ही मिशी," मी मिशीला पीळ दिला, वीस वर्षं पाळलेली, बायकोपेक्षा जास्त लाड केलेली मिशी, "इथं अंगणात, सगळ्यांसमोर, तुझ्या वस्तऱ्यानं उतरवायची. आणि तू हरलास तर तू इथंच, याच पायरीवर, सगळ्यांसमोर साध्या ब्रशनं दात घासून दाखवायचे. मान्य?" सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. आणि टाळ्यांच्या मधोमध मला वस्तादचं तोंड दिसलं. हसू होतं तसंच होतं, पण त्याच्या मागचं काहीतरी निघून गेलं होतं. दुकान बंद झालं तरी बाहेरचा दिवा जळत राहावा, तसं. "कशाला उगाच," तो म्हणाला. मी म्हणालो, "वस्ताद घाबरला!" काका म्हणाले, "घाबरला, घाबरला!" मग त्यानं उजवा हात पँटच्या खिशात घातला आणि म्हणाला, "मान्य."

त्या खिशातल्या हाताकडे मी बघितलं होतं. तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही, आता तोच हात डोळ्यांपुढून हलत नाही. खरं सांगायचं तर मला त्या ब्रशचा एवढा राग का आला, तेही मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. सगळी इमारत मला पेंटर म्हणते. एके काळी या रस्त्यावरच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या माझ्या हातच्या होत्या. अक्षराची उभी रेघ वरून खाली ओढायची ती एका श्वासात, मध्ये श्वास सोडला की रेघ पोटात दुखल्यासारखी वाकते. माझी रेघ कधी वाकली नाही. मग छपाईची मशीनं आली. आता मी त्याच रस्त्यावरच्या छपाईच्या दुकानात काचेपुढे बसतो, बटण दाबतो, आणि मशीन पोटातून घरघर करत पडद्याएवढी पाटी बाहेर ओकतं. माझा हात अजून दगडासारखा स्थिर आहे. काय करायचंय त्या स्थिर हाताचं? चहा सांडत नाही, एवढंच. संध्याकाळी घरी येताना सलूनवरची पाटी दिसते. ती मीच रंगवलेली आहे, रंग उडाला तरी अक्षर ताठ उभं आहे. म्हणून मशीन दिसलं की माझ्या जिभेला धार येते. पण हे झालं मी माझ्यासाठी शिवलेलं कारण. नुसत्या टाळीसाठीसुद्धा मी तेवढंच बोललो असतो.

पैज लागली म्हणजे मी सरळ खेळणार, असं इमारतीत कोणीच धरत नाही. माझा बेत साधा होता. वस्तादचा ब्रश रात्रभर बेसिनशेजारी विजेवर लावलेला असतो, हे मी खिडकीतून हेरलं होतं. सकाळी तो अंघोळीला गेला की मागच्या दारानं शिरायचं, पिन नावाला खोचल्यासारखी ठेवून जरा बाहेर ओढायची, की ब्रश उपाशी. असं रोज केलं की ऐन भरात यंत्र मान टाकणार. मला कल्पनेनंच गुदगुल्या होत होत्या. पहिले दोन-तीन दिवस जमलंही. मग एका सकाळी मी शिरलो, पिनेला हात घातला, तर ब्रश जागेवर नव्हता, आणि पुढच्या खोलीतून पाण्याचा आवाज आला. वस्ताद अंघोळीला गेलाच नव्हता. पुढच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींवर आरसे आहेत. गिऱ्हाइकाला स्वतःची मान मागून दिसावी म्हणून लावलेले. दाराच्या फटीतून मला एकदम पाच-सहा वस्ताद दिसले. सगळ्यांच्या हातात साधा ब्रश होता. नवा, पिवळा, वेष्टन शेजारीच पडलेलं. आणि सगळ्यांचे हात थरथरत होते.

थरथरत होते म्हणजे थंडीत थरथरतात तसे नाही. हात तोंडाकडे निघायचा आणि वाटेत कोणीतरी कोपर हलवल्यासारखा भरकटायचा. ब्रश एकदा ओठाला लागला, एकदा गालाला, एकदा नाकाखाली. पेस्ट हनुवटीवर, गळ्यावर, आरशावर. मग त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं, अंगणात हूड पोराला धरावं तसं, आणि पुन्हा तोंडात घातला. हिरडीतून रक्त आलं. थुंकला. पुन्हा सुरुवात केली. तो तालीम करत होता. माझ्या पैजेची. आपण हरलो तर पायरीवर सगळ्यांसमोर हे करावं लागणार, म्हणून सकाळी दुकान उघडायच्या आधी, पन्नाशी ओलांडलेला, अर्ध्या वस्तीच्या गळ्यांवरून वस्तरा फिरवलेला माणूस दात घासायची तालीम करत होता. थोड्या वेळानं त्यानं पिवळा ब्रश खाली ठेवला आणि ते यंत्र उचललं. बटण दाबलं. गुण्ण झालं, आणि त्या क्षणी त्याचा हात इतर कोणाच्याही हातासारखा झाला. थरथर थांबली नव्हती. पण यंत्रच थरथरत असलं की त्यात हाताची कोणती हे कोण वेगळं काढणार? बटणामागं लपायची जागा असते, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या हातात त्याची पिन होती. मी ती पूर्ण आत दाबली आणि मागच्या मागं निघून आलो. आरशात मी दिसलो का, माहीत नाही. तिथं आपण दुसऱ्याला बघतोय असं वाटत असतं, आणि कोण आपल्याला बघतंय हे कळत नाही.

घरी आलो तर हनुवटी खाजायला लागली. गेल्याच महिन्यात वस्तादच्या वस्तऱ्यानं तिथं बारीक कापलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. माझ्यासारखा माणूस तांदळाचा भात केल्याशिवाय सोडतो का? मी कापसाचा गोळा आणि डोक्यापासून हनुवटीपर्यंत पट्टी बांधून अख्ख्या इमारतीत फिरलो होतो. "वस्तादनं मुंडकंच काढलं होतं, ताईंकडून टाचून आलो." केवढे हसले होते सगळे. वस्तादही हसला होता. त्यानंतर तो दाढीला मशीन लावायला लागला, तेव्हाही मीच म्हणालो होतो, "वस्ताद आता गवत कापायला लागला." आता एकेक आठवत होतं आणि प्रत्येक आठवणीत हशा मागं आणि वस्तादचा हात पुढं येत होता. खिशात. टॉवेलखाली. पाठीमागं. त्याच्या घरी बायको आहे, अंथरुणाला खिळलेली सासू आहे, आणि चूल त्या एका उजव्या हातावर पेटते. वस्तादचा हात थरथरतो ही बातमी एकदा पायऱ्यांवर पडली, तर त्या खुर्चीत पुन्हा मान टेकायला कोण येणार? मी जाईन का? हा प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि उत्तर यायच्या आत चहाला गेलो.

तर मग हरायचं ठरवलं. वस्ताद जिंकला की पायरीवर साधा ब्रश धरायची वेळ त्याच्यावर येणार नाही, एवढं सोपं गणित. आणि हरायचं म्हणजे काय, तर दात घासायचे नाहीत. आयुष्यात माझ्याइतकं सोप्यात पाप फेडायला कोणाला मिळालं नसेल, असं वाटून मला जरा उत्साहच आला. पण दोन दिवसांत जिभेला वेगळंच काही लागायला लागलं. दातांवर लोकर उगवावी तसं. जीभ सारखी तिथंच जायची, नको असलेल्या पाहुण्याच्या खोलीत डोकावावं तशी. सकाळी मोरीत जाऊन नळ सोडायचो, ब्रश नुसता ओला करायचो, आणि आरशात स्वतःकडे बघत उभा राहायचो. तोंडाला वास यायला लागला. मला स्वतःला यायचा, मग दुसऱ्याला किती येत असेल? छपाईच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना मी तोंडावर हात धरायला लागलो. पायऱ्यांवर बसलो तर एका टोकाला. बोलायचंच बंद केलं. काका म्हणाले, "पेंटर गप्प म्हणजे काहीतरी जबरी शिजतंय." ते हसले, आणि मी हात तोंडावर ठेवूनच मान हलवली. एवढी वर्षं तोंडातून जे काही निघालं त्याचा आता कुठं वास येतोय, असं वाटत होतं.

बायकोपासून काय लपणार? ती एका संध्याकाळी माझ्याशी बोलता बोलता तोंड फिरवून बसली. वाईट वाटू नये म्हणून भाजी निवडायचं निमित्त केलं, पण पाल्याची जुडी तिची आधीच निवडून झाली होती. मग उठली आणि कपाटातून एक खोका काढून माझ्यापुढं ठेवला. आत विजेचा ब्रश. "अहो, एवढी मिशीची काळजी असेल तर गुपचूप हा वापरा," ती म्हणाली. "कोणाला कळणार आहे? तसेही तुम्ही सरळ खेळता असं कोणी म्हणत नाही." मी तो हातात घेतला. मोरीच्या दांडीवर माझा साधा ब्रश, केस फिसकटलेला, आणि हातात हा गुळगुळीत. एक निवडायचा, एवढंच तर होतं. दुकानात माणसं उभ्या उभ्या निवडतात, खोक्यावरचं वाचतात, घेऊन जातात. मी बटण दाबलं. थरथर बोटांतून मनगटात, मनगटातून कोपरात चढली. माझा दगडासारखा हात, पहिल्यांदाच स्वतःचा नसल्यासारखा हलत होता. मी डोळे मिटून तसाच धरून उभा राहिलो. हे असं दिवसभर, झोपेतून उठल्यापासून, चमचा धरताना, शर्टाचं बटण लावताना, आणि हातात वस्तरा. बायको दारात येऊन म्हणाली, "तोंडात घाला ना, नुसता हातात काय धरलाय?" मी तिला सांगणार होतो. तोंड उघडलंही. ती नकळत एक पाऊल मागं सरकली. मी तोंड मिटलं. "जाऊ दे," मी हाताआडून म्हणालो, "हाताचं ते हाताचं." तिनं माझ्याकडे असं बघितलं की आजवर माझ्या कुठल्याच थट्टेवर तिनं तसं बघितलं नव्हतं. "तुम्हाला कधी थांबायचं ते कळतच नाही," ती म्हणाली आणि खोका परत कपाटात ठेवून आली.

रविवारी अंगण भरलं. गॅलऱ्यांतून माणसं, समोरच्या इमारतीतली माणसं, काकांनी तर पंप लवकर चालवून मोकळे होऊन जागा धरली होती. ताईंनी दोन गोळ्या आणल्या, दोन पेले, हातात मोजे घालून एकदम दवाखान्याचा थाट. वस्तादनं डाव्या हातानं गोळी तोंडात टाकली. आम्ही चघळली, फिरवली, थुंकली. ताईंनी आधी त्याला आ करायला लावलं. "छान," त्या म्हणाल्या, "इथं कडेला थोडं. बाकी स्वच्छ." मग माझ्याकडे वळल्या. मी तोंड उघडलं आणि त्यांचे डोळे आधी मोठे झाले, मग बारीक. माझ्या कानाशी वाकून त्या हळूच म्हणाल्या, "पेंटर, तुम्ही घासलेलेच नाहीत." मी म्हणालो, "निकाल द्या ताई." त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग सरळ उभं राहून मोठ्यानं म्हणाल्या, "पेंटर हरले!" मी सगळ्यांकडे वळून दात दाखवले. कोणाचं तरी काळीज खाऊन आल्यासारखे लालभडक. काका ओरडले, "अरे, हा ब्रशनं घासत होता की विटेनं!" गॅलऱ्या हसून हसून वाकल्या. आणि मी मनात म्हणत होतो, झालं, सुटला बिचारा.

तेवढ्यात काकांनी सलूनमधली खुर्ची अंगणात आणून ठेवली. मला दोघांनी धरून बसवलं. गळ्याभोवती पांढरं कापड आलं. तेव्हा कुठं माझ्या चलाख डोक्यात उजेड पडला. मी हरलो की काय होणार होतं? मिशी. कशानं? "तुझ्या वस्तऱ्यानं." माझेच शब्द. सगळ्यांसमोर. पिवळ्या ब्रशपासून वाचवून मी त्याच्या हातात उघडं पातं दिलं होतं. इतके दिवस मी स्वतःला पुण्यवान समजून दातांवर लोकर वाढवत होतो, आणि पैजेची दुसरी बाजू बघायची मला शुद्ध नव्हती. कारण ती माझी बाजू होती, आणि माझ्या बाजूला काय कापलं जाणार, तर केस. "वस्तरा! वस्तरा!" काकांनी ताल धरला. गॅलऱ्यांनी उचलला. वस्ताद माझ्यासमोर उभा होता. त्यानं पातं उघडलं. मी त्याच्या हाताकडे बघितलं नाही. मी समोरच्या टाकीच्या भिंतीकडे बघत होतो. पात्यावरून उडालेला उन्हाचा एक कवडसा तिथं नाचत होता, पाण्यातल्या माशासारखा, क्षणभर स्थिर होत नव्हता. एवढी माणसं होती, सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती. भिंतीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. कवडसा खाली उतरला. थंड पातं नाकाखाली यायच्या आधी त्याचा वास आला, साबणाचा आणि लोखंडाचा. माझ्या गळ्यातली शीर कापडाखाली उडत होती. मला तिचा आवाज ऐकू येत होता.

"थांब!" मी ओरडलो. इतक्या जोरात की ताल तुटला. "थांब वस्ताद. मी हरलो ना? हरलेल्यानं मान्य करायला नको? मशीनच भारी! ब्रशही मशीनचा भारी, वस्तराही मशीनचाच लाव. मशीन आण!" एक क्षण कोणाला कळेना, मग एकच गलका झाला. "घाबरला! पेंटर घाबरला!" काका मांडीवर थापा मारत होते. "बोलाचा वाघ निघाला रे हा! मिशी द्यायला निघाला आणि वस्तऱ्याला भ्यायला!" वरच्या गॅलरीतून बायको बघत होती. ती हसत नव्हती. मीही ओरडत सुटलो, "हो, घाबरलो! माझा गळा आहे, तुमचं काय जातंय!" सगळ्यांना तो विनोद वाटला. तो विनोद होता की नाही, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. मी त्याची झाकली मूठ झाकलेलीच ठेवायला ओरडलो, असं मला म्हणता येईल, आणि ऐकणारा मानेलही. पण ओरडलो तेव्हा माझ्या डोक्यात वस्ताद नव्हता, त्याची बायको नव्हती, त्याची चूल नव्हती. कापडाखाली उडणारी एक शीर होती, बस. चांगुलपणा मागून धावत आला आणि ओरडण्याच्या शेजारी येऊन उभा राहिला.

वस्तादनं पातं मिटलं. मशीन घेऊन आला, माझ्यावर वाकला. आवाज सुरू झाल्यावर त्या आवाजाच्या आत, माझ्या कानाशी, तो म्हणाला, "त्या दिवशी आरशात दिसत होतास तू. हातात पिन धरलेला." मला मान हलवायची सोय नव्हती. "तुझी हनुवटी कापली ना," तो म्हणाला, "त्यानंतर मी वस्तरा कोणालाच लावला नाही. तुला काय वाटलं, लावला असता?" मशीन ओठावरून फिरत होतं. गुदगुल्या होत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं. हात स्थिर होता की नव्हता, ते मला मशीनच्या थरथरीतून ओळखता आलं नाही. वीस वर्षांची मिशी पांढऱ्या कापडावर पडली. जवळून बघितली तर अर्धी पिकलेली होती.

मशीन बंद झालं. काकांनी सलूनमधला हातातला आरसा माझ्यापुढं धरला. उघडा, फिकट, कोणा परक्याचा ओठ, आणि त्याखाली लाल दात. सगळे हसले. माझा हात आपोआप तोंडावर गेला, इतक्या दिवसांची सवय. "हात काढ," वस्ताद म्हणाला. "हरलास ना? बघू दे सगळ्यांना." त्यानं उजव्या हातानं माझं मनगट धरून खाली ओढलं आणि तसंच धरून ठेवलं. माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. माझ्या मनगटावर त्याचा हात थरथरत होता, आणि आता मशीन बंद होतं. मी हात हलवला नाही. लाल दात दाखवत, ती सगळी हसून संपेपर्यंत, मी तसाच बसून राहिलो.